दुसऱ्या आवृत्तीतली दुरुस्ती

"मन्ही राजदूत व्हती वं कामिनी, राजदूत! ह्या लेखकनी बुलेट लिखी टाकं!"

गिरणी चालू असली की कळसाडीत कोणी हळू बोलत नाही, आणि भिलाआप्पा तर गिरणी बंद असतानाही ओरडतात. दादर ज्वारीचा रिकामा डबा उपडा घालून ते त्यावर बसले होते, मांडीवर पुस्तक होतं, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कामिनीने पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "आप्पा, आठ दिन व्हयनात, तुम्ही तेच पान वाची ऱ्हायनात. पुढे काय शे ते बी वाचा ना."

"पुढे मन्हं नाव नही," आप्पा म्हणाले. माणूस प्रामाणिक.

गावात पुस्तकाची प्रत एकच होती आणि ती गिरणीतल्या फळीवर असायची. दळण होईपर्यंत ज्याला वाट बघायची तो ती घेई, आपलं, आपल्या काकाचं, निदान आपल्या शेताचं नाव शोधी, आणि सापडलं नाही तर लेखकाला शिव्या घालून परत ठेवी. त्यामुळे मुखपृष्ठावरच्या ललितच्या लांब केसांवर आणि गिटारीवर कायम पीठ बसलेलं असे. कळसाडीबद्दलची सात-आठ पानं तेवढी मळकी झाली होती, बाकीचं पुस्तक कोरं करकरीत. पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथेच उघडायचं.

ललित म्हणजे कामिनीचा धाकटा भाऊ. मराठीतून रॉक गाणारा पहिल्या फळीतला गायक, असं त्याच्याबद्दल पुण्या-मुंबईकडचे लोक म्हणत. त्याच्या कार्यक्रमाला कॉलेजची पोरं भिंतींवरून उड्या मारून आत जात. गावाचं मत वेगळं होतं. रतिलालबापूचा पोरगा गळ्यात गिटार अडकवून बोंबलतो, एवढंच गावाला माहीत. बापूच्या अंत्ययात्रेला तो एकदा आला, तेव्हा त्याच्या कानातली बाळी बघून लोकांनी खांदा देतानाही नाकं मुरडली होती. मग गेल्याच्या गेल्या वर्षी लिव्हरच्या आजाराने पंचेचाळिशीतच तो गेला, टीव्हीवर दाखवलं, आणि एका रात्रीत तो 'आमना ललित' झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही.

आता त्याच्या या चरित्रावर जो तो मत देत होता. कोणी म्हणे, लेखकाने लिहिलंय ललित कपाशीतून पळाला. अरे, मे महिन्यात कपाशी कुठली? मागे केळीचा बाग होता. कोणी म्हणे, दारूबद्दल इतकं लिहायला नको होतं. बायका म्हणत, फोटो चांगले आलेत. मत सगळ्यांना होतं. पुस्तक पूर्ण वाचलेलं माणूस मात्र गावात एकच, आणि तिला कोणी मत विचारलं नव्हतं.

कामिनीने ते तीनदा वाचलं होतं. तिचं लक्ष दोन वाक्यांवर अडकलं होतं.

पहिलं वाक्य पळून जाण्याच्या प्रकरणात होतं. त्या प्रकरणाला नाव होतं 'पिवळा', म्हणजे ललितच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं नाव. अंगाला हळद लागलेला नवरदेव लग्नाच्या आदल्या दिवशी घर सोडून पळतो, असं ते गाणं. लेखकाने लिहिलं होतं: 'दुपारची पंगत बसली होती. कुणीतरी मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती. ते कोण, हे आजवर कोणालाही कळलेले नाही.'

दुसरं वाक्य बरंच पुढे, सहज जाता जाता लिहिलेलं: 'थोरली बहीण कामिनी अविवाहित, आईवडिलांच्या सेवेतच तिने आयुष्य वेचले.'

आमच्याकडे तेव्हा साट्याची लग्नं होत. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची मुलगी तुमच्या घरात. दोन्हीकडे लेक दिलेली असली की दोन्हीकडे सून नीट नांदते, असा त्यातला हिशेब. कामिनी आधी दिली गेली, तापीपलीकडच्या गावात, भावेशला. भावेशची बहीण रमिला तेव्हा लहान होती. ती वयात आली की ललितला करायची, असं ठरलेलं. रमिला वयात आली तेव्हा ललित शहाद्याच्या कॉलेजात गिटार शिकून बसला होता. कामिनीच्या कडेवर तेव्हा दीड वर्षाची मयूरी होती.

ललित पळाला आणि मांडव उतरायच्या आत भावेश आला. चिडलेला नव्हता, चिडलेला असता तर बरं झालं असतं. "आमनी पोर हळद लाईसन बठेल शे," तो म्हणाला, "मंग तुमनी पोर तुमले." त्याने कामिनीच्या कडेवरून मयूरीला घेतलं. मूल बापाकडेच जायला हात पुढे करत होतं. भावेशने पुढे दुसरं लग्न केलं. रमिलाने कोणाशीच केलं नाही. कामिनी बापाच्या घरी राहिली, बापाच्या माघारी बापाची गिरणी चालवू लागली, आणि पोरीला वर्षातून एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत लांबून बघत राहिली. रमिलाच्या बोटाला धरून पोर बांगड्यांच्या दुकानापुढे उभी असे. पुढे आजारी रमिला तिच्या बोटाला धरून उभी राहू लागली.

हे सगळं पुस्तकात एका शब्दात उरकलं होतं. अविवाहित.

हा शब्द आला कुठून, तेही कामिनीला माहीत होतं. ललित गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी लेखक घरी आले होते. शहरातले, सभ्य, खुर्ची दिली तरी ओट्यावर बसणारे. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी अजून मागणारे. कामिनी चुलीपाशी होती, तेव्हा त्यांनी तिच्या आईला, जमनाबाईला, विचारलं होतं, "आजी, ताईंचं लग्न?" आणि जमनाबाईने तोंडावर पदर घेऊन सांगितलं होतं, "तिन्हं लगीन नही करं."

तेव्हा कामिनी गप्प बसली. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं, पाहुणा जेवतोय, म्हातारीला खोटं कोण पाडणार? पण बोललेलं वाऱ्यावर जातं आणि छापलेलं राहतं, हे तिला पुस्तक हातात आल्यावर कळलं. त्या दिवशी तिने आईला भाकरी कुस्करून देताना विचारलं.

"माय, तू तसं काबर सांगं?"

जमनाबाईला ऐकायला कमी येतं, पण हे पहिल्या झटक्यात आलं.

"मंग काय सांगतू? त्यान्हा पायी तुन्हं घर मोडनं असं? मरेल माणूसनं वाईट कसाले सांगो?"

"आणि मी जित्ती शे, मन्हं काय?"

"तुन्हं काय," जमनाबाई म्हणाली, "तू तर घरमाच शे." आणि तिने दुधासाठी वाटी पुढे केली.

कामिनीने दूध घातलं. राग आला होता, खूप आला होता. पण ऐंशीला टेकलेल्या आईवर तो काढायचा कसा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग बातमी आली की शहाद्याच्या वाचनालयात रविवारी कार्यक्रम आहे, 'वाचकांचे अभिप्राय'. लेखक स्वतः येणार, पुस्तकात काही चुकलं असेल तर समजून घेणार, कारण दुसरी आवृत्ती निघायची आहे. अख्ख्या कळसाडीला चुका सांगायच्या होत्या. भिलाआप्पांनी तर राजदूतचा जुना फोटो शोधून काढला. हळदीने पिवळ्या झालेल्या ललितला रस्त्यावरून उचलून शहाद्याच्या स्टँडवर सोडणारे तेच. पूर्वी गाव त्यांच्यावर थुंकायचं, कडी यानेच काढली म्हणून. तेव्हा ते गंगाजळी उचलून, शपथेवर नाही म्हणायचे. ललित टीव्हीवर दिसू लागल्यापासून मात्र आप्पा नाही म्हणेनासे झाले. कोणी कडीचा विषय काढला की नुसते हसायचे, आणि टोपी सारखी करायचे.

"आप्पा, मी बी येस शहाद्याले," कामिनी म्हणाली.

"तुले काय दुरुस्ती सांगनी शे?"

"एकच शब्द शे," ती म्हणाली.

तिला फार काही नको होतं. अविवाहित हा शब्द खोडून तिथे 'एक मुलगी, मयूरी' एवढं छापून यावं. आपलं नाव आणि त्याच्या शेजारी पोरीचं नाव. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर, कुठेच ती दोन नावं शेजारी आली नव्हती. पत्रिकेवर 'मातोश्री' म्हणून भावेशच्या दुसऱ्या बायकोचं नाव होतं, हे तिला दळण घेऊन आलेल्या एका बाईने सांगितलं होतं. पुस्तकात तरी यावं. पुस्तक पुसता येत नाही.

रविवारी तिने गिरणी बंद ठेवली, शेजारणीला आईपाशी बसवलं आणि केसांतलं पीठ दोनदा धुतलं. तरी काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर कोपराच्या खळीत पांढरं दिसलंच.

वाचनालयाचा हॉल भरला होता. व्यासपीठावर ललितचा हार घातलेला फोटो, लेखक, ग्रंथपाल, आणि 'भगिनी' म्हणून कामिनीलाही खुर्ची. खुर्चीवर बसून पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना. अभिप्राय सुरू झाले.

एक प्राध्यापक म्हणाले, हे चरित्र म्हणजे एका विद्रोहाची गाथा आहे. दंडावर ललितच्या गाण्याची ओळ गोंदवलेला एक तरुण बोलायला उभा राहिला आणि रडूनच बसला. एका बाईंनी सांगितलं, "त्या घरातल्या एकाही माणसाने त्याला समजून घेतलं नाही, हे वाचून फार वाईट वाटलं." असं म्हणताना त्यांची नजर कामिनीवर गेली आणि त्या म्हणाल्या, "सॉरी, ताई." कोणीतरी केळीचा बाग आणि कपाशी यावर दहा मिनिटं बोललं. भिलाआप्पांनी राजदूतचा फोटो पहिल्या रांगेत फिरवला. लेखक प्रत्येकाचं ऐकत होते, मान हलवत होते, फोनवर सगळं रेकॉर्ड होत होतं. माणूस खरंच चांगला होता, तेही सांगायला हवं.

कामिनी आपलं वाक्य मनात जुळवत होती. शाळेतल्या मराठीत बोलायचं तर आधी जुळवावं लागे. 'साहेब, ते अविवाहित जे लिहिलं आहे, ते तसं नाही.' एवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. निळी साडी, खांद्याला पर्स, केस मागे घट्ट बांधलेले. शिक्षिका असावी हे उभं राहण्यावरूनच कळत होतं. कामिनीला मात्र ती कोण हे त्याच्याही आधी कळलं. यात्रेत तिने ती मान इतक्या वेळा मागून बघितली होती.

"मी मयूरी. नंदुरबारकडे प्राथमिक शाळेत शिकवते," ती म्हणाली. कोणाची कोण ते तिने सांगितलं नाही. "मी वाचक म्हणून आले आहे. पुस्तक मला आवडलं. पण त्यात एक जागा रिकामी आहे आणि एक चूक आहे. चूक मी नंतर सांगते. आधी रिकाम्या जागेचं विचारते. कडी कोणी काढली?"

हॉलमध्ये हसू पसरलं. लेखकही हसले.

"हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात," ते म्हणाले. "ललितला मी खूपदा विचारलं. शेवटी दवाखान्यातसुद्धा विचारलं. तो एवढंच म्हणाला, ते माणूस अजून गावात आहे, नाव घेणार नाही."

कामिनीला दर भाऊबीजेला त्याचा फोन यायचा, जेवलीस का, आई कशी आहे, पाऊस झाला का. पोरीचं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं तो विसरला. विसरला नव्हता. जाताना ओठ आवळून गेला होता, बहिणीसाठी.

सगळ्या हॉलने भिलाआप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टोपी सारखी केली.

"माझी आत्या रमिला," मयूरी सांगू लागली, "हळद लागलेली नवरी ती. पुस्तकात तिचं नाव नाही, 'नियोजित वधू' म्हटलंय. ती पुन्हा लग्नाला उभी राहिली नाही. मला तिने वाढवलं, शिकवलं. ती पौषात गेली. तिला माझ्या मामाचा राग नव्हता. म्हणायची, पळणारा पळाला, त्याला त्याचं गाणं होतं. पण ज्याने कडी काढली त्याला काय पडलं होतं? त्याचं नाव मला कळलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी आले." मग ती आप्पांकडे वळली. "आप्पा, तुम्ही काढली का?"

भिलाआप्पा उठले. इतकी वर्षं ज्या प्रश्नावर नुसतं हसून भागलं, त्याचं उत्तर आज भर सभेत, लेखकासमोर, रेकॉर्ड होत असताना द्यायचं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"आते काय सांगू बेटा," ते म्हणाले, "व्हयनं ते व्हयी गयं..."

कामिनीला आता फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. आप्पा हो म्हणाले असते, त्यांना ते नाव हवंच होतं. मयूरीने त्यांना दोन शब्द सुनावले असते. मग ती ती चूक सांगणार होती, आणि ती चूक कुठली हे कामिनीला पक्कं उमगलं होतं. पोर त्याच एका शब्दासाठी नंदुरबारहून आली होती. दोघींना एकच दुरुस्ती हवी होती. ती झाली असती, आणि कदाचित, उतरताना, जिन्यात, पोर तिच्याशी बोललीही असती. गप्प बसायची तिला चांगली सवय होती. पण रमिला, जिने तिच्या पोरीची वेणी घातली, ती विचारता विचारता मेली होती.

"आप्पांनी नही काढी," कामिनी म्हणाली. जुळवलेली शाळेची मराठी कुठल्या कुठे गेली. "मी काढी."

भिलाआप्पा खाली बसले.

"नवरदेवले हळद लागनी का एकटं सोडतस नही. मी करवली, खोलीनी राखण मन्हाकडे. पंगत बठनी, समदं लोक पुढे व्हतात. तो आतमाथून दार वाजाडे ना, रडे. ताई, मी मरी जासू म्हणे. मी कडी काढी आणि केळीना बागकडे हात दाखाडा."

लेखकांनी फोन थोडा पुढे सरकवला. मयूरी उभीच होती. तिचा आवाज आला तेव्हा तिचीही शाळा सुटली होती.

"तवय मी कोठे व्हतू?"

"मन्हा कडेवर. तुन्हा गालले बी हळद लागेल व्हती."

"तुले माहीत नव्हतं का, साटं मोडी म्हणीसन?"

"माहीत व्हतं." कामिनी थांबली. खरं तर इथेही थांबता आलं असतं. "पण लोके म्हनतस ना, पोर व्हयी गयं का मंग साटं मोडत नही. मानसं पोरना तोंडकडे देखीसन गप बसतस. माले वाटनं, तू शे ना कडेवर. तुले देखीसन त्या माले ठेई लेतीन. तुन्हा भरवसावर काढी मी कडी."

"मन्हा भरवसावर," मयूरी म्हणाली.

"हा."

पंखे फिरत होते. त्या मघाच्या बाई डोळे पुसत होत्या. दंडावर गोंदवलेला तरुण तर कामिनीकडे देवीकडे बघावं तसा बघत होता. पहिली टाळी त्यानेच वाजवली, मग सगळा हॉल वाजवू लागला. कामिनीला त्या टाळ्यांची लाज वाटली. ज्या गोष्टीने घर गेलं त्या गोष्टीला लोक टाळ्या वाजवत होते, आणि मधोमध पोर हात खाली सोडून उभी होती.

लेखक उठून कामिनीजवळ आले. "ताई, हे फार मोठं आहे. नव्या आवृत्तीत हे प्रकरण मी पुन्हा लिहितो. तुमच्या नावानिशी." मग त्यांना आठवलं. सभ्य माणूस, कोणाचं राहू द्यायचा नाही. ते मयूरीकडे वळले. "मॅडम, तुम्ही एक चूक सांगणार होतात."

टाळ्या थांबल्या. मयूरीने पर्स खांद्यावर नीट केली. पुन्हा बोलली ती स्वच्छ, वर्गात बोलावं तशी.

"पुढे एका ठिकाणी लिहिलंय, थोरली बहीण कामिनी अविवाहित. ते चूक आहे असं सांगायला मी आले होते." तिने कामिनीकडे पाहिलं. "ते चूक नाही. राहू द्या तसंच."

लेखक गोंधळले. त्यांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मान, कपाळ, हनुवटीवरचा खळगा. मघाशी ऐकलेलं आता त्यांना चेहऱ्यांवरही दिसलं असावं. ते वाकून हळूच म्हणाले, "ताई? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

कामिनीच्या मनातलं वाक्य तयारच होतं. सकाळपासून तयार होतं. पण ते आता तिचं एकटीचं राहिलं नव्हतं. पोरीचं नाव पोरीला विचारून छापायला हवं होतं, आणि तिला विचारून झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मयूरी रांगेतून वाट काढत बाहेर गेली. दारात ती थांबेल असं कामिनीला वाटलं. ती थांबली नाही. नंदुरबारची गाडी वेळेवर सुटते, त्या स्टँडवर एवढं एकच वेळेवर होतं.

येताना जीपमध्ये भिलाआप्पा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मी हा म्हणी देतू वं. माले काय फरक पडता?"

"माहीत शे आप्पा," कामिनी म्हणाली.

दुसरी आवृत्ती दिवाळीत आली. बुलेटची राजदूत झाली होती, कपाशीची केळी. 'पिवळा' हे प्रकरण जवळजवळ नवं होतं. कामिनीने कडी कशी काढली, हात करून बाग कसा दाखवला, सगळं आलं होतं. लेखकाने सुंदर लिहिलं होतं, वाचून तिलाच ती कोणी दुसरी बाई वाटली. रमिलाचं नाव आलं होतं, हे बरं झालं. कडेवर कोण होतं ते नव्हतं. लेखकांनी शब्द पाळला होता. मागच्या कव्हरावर वाचकांचे निवडक अभिप्राय छापले होते. 'अशी बहीण सगळ्यांना मिळो.' 'डोळे पाणावले.' 'रॉक संगीताची खरी सुरुवात एका कडीच्या आवाजाने झाली.' पुढे तो शब्द होता तिथेच होता. गिरणीतल्या फळीवर आता दोन प्रती झाल्या, दोन्हींवर पीठ.

मग माणसं येऊ लागली. कोणी नाशिकहून, कोणी सुरतेहून, बाइकवर, गळ्यात कॅमेरा. त्यांना कडी बघायची असे. जमनाबाई ओट्यावर बसलेली असायची. कोण आलं विचारायची, ललितकडचे म्हटलं की खुश व्हायची, आणि सगळ्यांना तेच सांगायची, पोऱ्या लहानपनपाईन गुनी व्हता. मग कामिनी हात झटकून उठे आणि मागच्या खोलीत नेई.

एका दुपारी एक जोडपं आलं, नुकतं लग्न झालेलं असावं, पोरीच्या हातावर मेंदी होती. मुलाने कडीचे फोटो काढले. वरून, बाजूने, उघडी, लावलेली. जुनी लोखंडी कडी, तेल नसल्याने कुरकुरणारी. त्या पोरीने कडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही खरंच ग्रेट आहात. मी तर रडले वाचताना." मग जरा संकोचून, "काकू, तुम्हाला स्वतःचं कोणी...? म्हणजे मूलबाळ?"

कामिनीने तिच्याकडे पाहिलं. पोर चांगली होती. मनापासून विचारत होती.

"पुस्तकमा काय लिखेल शे?"

"अविवाहित."

"मंग तेच," कामिनी म्हणाली.

ती दोघं बाहेर गेल्यावर तिने मागच्या दाराची कडी घातली, ओढून पाहिली, आणि गिरणीकडे गेली. डबे खोळंबले होते.